खडकवासला आधीच रिकामं करून का ठेवत नाहीत?

नदीकाठची:

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याला नदीच्या अंगाला, एकतानगरीच्या जरा अलीकडे आमची सोसायटी आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे चारच्या सुमारास सासूबाईंनी मला हलवून उठवलं. "अगं, मोरीतून बुडबुड आवाज येतोय." दिवा लावला तर जाळीतून पाणी वर येत होतं. दारातून नाही, जाळीतून. दाराला पोती लावायची तयारी मी दोन वर्षं करून ठेवली होती, आणि पाणी आलं ते घरातूनच.

फ्रीज तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी जरासा डुलतो, मग एका बाजूला कलतो, आणि शेवटी डबक्यातल्या म्हशीसारखा आडवा पडून राहतो. आतले पिठाचे डबे, कोथिंबीर, सगळं नंतर हॉलमध्ये सापडलं. धरणातून विसर्ग वाढवणार असल्याचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहा पीत होतो. ज्यांनी आधी कळवायचं ते कुठे होते, हे विचारून झालंय, त्यात पडत नाही.

पानशेत धरण फुटलं तेव्हा, १९६१ ला, सासूबाई सात वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत. वाडा गेला आणि पुढची काही वर्षं गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या वसाहतीत काढली. त्यांचं म्हणणं एकच: "पानशेतचं पाणी दिवसाढवळ्या आलं. कुठे पळायचं ते दिसत तरी होतं." रंगारी आला तेव्हा भिंतीवरची चिखलाची रेघ त्यांनी पूर्ण पुसू दिली नाही. दाराशेजारी वीतभर तशीच ठेवलीय आणि खाली पेन्सिलीनं तारीख लिहिलीय.

आता प्रश्न. सोसायटीच्या मीटिंगला दरवेळी हेच दळण असतं. एक म्हणतो, खडकवासला जूनमध्येच रिकामं करा, पूर येणारच नाही. दुसरा म्हणतो, धरण इंग्रजांच्या काळचं आहे, भिंत टिकावी म्हणून घाबरून पाणी सोडतात. तिसरा म्हणतो, मुळशी टाटांचं, उजनी सोलापूरचं, पुढे कर्नाटक, एकमेकांना कोणी विचारतच नाही. यातलं खरं किती? आणि ही जुनी धरणं तपासतं कोण, दुरुस्त कोण करतं? राजकारण नको, माहितगार माणसानं सांगावं.

व्हीनॉच:

ताई, बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणून लागलो आणि बराच काळ घाटातल्या एका दगडी धरणावर होतो. धरणाचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे.

पहिल्या माणसापासून सुरुवात करतो. एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी चोवीस तासांत सोडायचं तर ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग लागतो. हा आकडा आमच्याकडे पाढ्यासारखा पाठ असतो. खडकवासल्याची साठवण १.९७ टीएमसी. त्या दिवशी विसर्ग ३५ हजारांच्या वर गेला होता. तेवढाच येवा, म्हणजे वरून धरणात येणारं पाणी, धरला, तर पार तळ दिसणारं खडकवासलाही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरतं. पुढे येईल तेवढं सोडावंच लागतं. साखळीतलं खरं पोट वर आहे: पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही मिळून सव्वाएकोणतीस टीएमसीच्या आसपास, आणि त्यात खडकवासला म्हणजे ओसरी. वरची तिन्ही धरणं सगळं पाणी अडवून बसली तरी त्यांच्या खाली पडलेला पाऊस थेट खडकवासल्यातच येतो.

पण तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून थांबलो. धरण निम्मं रिकामं असतं तर पूर टळला नसता, पण सात-आठ तास मिळाले असते. पहाटे चारचं पाणी दुपारी बाराला आलं असतं, किंवा आदल्या दिवशी उजेडातच दहा-बारा हजारानं सोडायला सुरुवात करून शिखर खाली आणता आलं असतं. आमची धरणं पुरासाठी बांधलेलीच नाहीत. ती पिण्याची, शेतीची, विजेची. पूर थोपवणं हे त्यांना वरकड लावलेलं काम आहे, घरच्या सुनेला नोकरी करून स्वयंपाकही लावतात तसं. त्यासाठी एक कागद असतो, जलाशय परिचालन सूची. कुठल्या तारखेला धरणात जास्तीत जास्त किती पाणी ठेवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. सुरुवातीला कमी, आणि पावसाळा सरता सरता पूर्ण. कागद चांगला आहे. पण जुलैत जागा ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर २०१५ आठवा. पुण्याला दिवसाआड पाणी होतं. तेव्हा "धरण रिकामं का ठेवलं" म्हणून याच शहरात मोर्चे निघतात. शिवाय दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्यानं द्यायची आवर्तनं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत एकदा बसून बघा, म्हणजे एका फुटाची किंमत कळेल.

आणखी एक गोष्ट, जी मीटिंगला सांगा. शहरात मुठेची निळी पूररेषा साधारण ६० हजार क्युसेकला धरलेली आहे, लाल १ लाखाला. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल शंभर वर्षांतून. तुमच्याकडे पाणी ३५ हजारांच्या पुढेमागे घरात शिरलं. म्हणजे नदी आपल्या रेषेच्या आतच होती, तुम्हीही आत होतात. पात्रात राडारोडा पडला, भराव टाकले, पूल झाले. त्याची दुरुस्ती धरणावर होत नाही.

आता दुसरा माणूस, इंग्रजांच्या काळचं धरण. खडकवासला १८७९-८० च्या सुमाराचं हे खरं, पण १९६१ ला पानशेत फुटल्यावर तेही फुटलं होतं, आणि नंतर बांधून दरवाजे बसवले. वयापेक्षा मी दुसऱ्या गोष्टीला घाबरतो. पानशेत म्हातारं नव्हतं, नवं कोरं होतं. विमोचकाचं, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेचं, काम अपुरं असताना पाणी चढलं, त्यावरचा मातीचा भराव खचत गेला, रात्रभर जवानांनी वाळूची पोती टाकली आणि १२ जुलैला सकाळी ते गेलं.

दगडी धरणाच्या पोटात बोगद्यासारखी गॅलरी असते. आमच्याकडे एकशे चौदा पायऱ्या होत्या. उतरताना चप्पल काढायची, कारण शेवटच्या वीस पायऱ्यांवर शेवाळ. खाली बारा महिने गारवा आणि टपटप. भिंतीला ओळीनं नळ्या असतात, पायातून येणारं पाणी बाहेर काढायला. ते काढलं नाही तर पाणी धरणाला खालून उचलायला बघतं, आणि सगळा हिशोब बिघडतो. त्या नळ्यांच्या तोंडाशी पांढऱ्या दाढ्या लोंबतात. नवा मजूर म्हणायचा, साहेब, धरणाला बुरशी आली. बुरशी नव्हे ती. पाणी भिंतीतून येताना चुना विरघळवून आणतं, तो इथे साठतो. दाढी वाढली म्हणजे दोन गोष्टी: आत भिंत पोकळ होतेय, आणि बाहेर नळी बुजतेय. मग सळई घालून, नाहीतर ड्रिल लावून ती मोकळी करायची. हे काम कुठल्याच उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून त्याला पैसे सगळ्यात शेवटी.

गॅलरीच्या टोकाला गटार, आणि गटारात पत्र्याची आडवी पाटी, तिला व्ही आकाराची खाच. तोच माझा इथला आयडी. खाचेतून किती उंचीनं पाणी पडतं ते पट्टीनं मोजायचं, आणि कोष्टकातून लिटर काढायचे. मी रोज सकाळी आठला वाचायचो. आकडा वाढला तर धरणाची पातळी वाढलीय का ते आधी बघायचं. पातळी तीच आणि गळती वाढली, तर डेप्युटी साहेबांना फोन. आणि पाणी गढूळ आलं, तर फोन न करता वर पळायचं आणि मग फोन. स्वच्छ पाणी गळणं हे म्हातारपण, गढूळ म्हणजे भिंत वाहून चाललीय.

टेमघरचं ऐकलं असेलच. ते तर २००० नंतरचं, तरी भिंतीतून धबधब्यासारखं पाणी यायचं. २०१७ पासून दरवर्षी उन्हाळ्यात धरण रिकामं करायचं, भोकं पाडून सिमेंटचं ग्राउटिंग करायचं, पाण्याच्या बाजूला शॉटक्रीट, म्हणजे जोरानं फवारलेलं काँक्रीट, मारायचं आणि पाऊस लागला की थांबायचं, असं चाललं. गळती नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी झाली. दुरुस्ती होते, पण एका धरणाला अशी वर्षंच्या वर्षं जातात. आणि महाराष्ट्रात मोठी धरणं दोन हजारांच्या वर आहेत, देशात सगळ्यात जास्त.

तिसऱ्या माणसाबद्दल नंतर लिहितो. नातीला शाळेतून आणायचंय.

खराखुरापुणेकर:

सगळे मिळून खातात. बाकी सब झूट.

डेटनवासी:

व्हीनॉच काका, दंडवत. मी मूळचा कोथरूडचा, सतरा वर्षं अमेरिकेत ओहायोमधल्या डेटनला आहे. सिव्हिलशी संबंध नाही, पण कुत्र्याला फिरवायला रोज एका धरणावर जातो, म्हणून लिहितो.

गंमत म्हणजे त्या धरणात पाणी नाही. मोठा मातीचा बांध, वरून रस्ता, खाली गवताचं मैदान, हरणं चरत असतात. मधून नदी काँक्रीटच्या बोगद्यातून सरळ वाहत निघून जाते. दरवाजे नाहीतच. बोगदा खालच्या पात्राला झेपेल तेवढंच पाणी सोडतो. जास्त आलं की ते मागे तुंबतं, मैदान बुडतं, आणि पुढच्या काही दिवसांत आपोआप उतरतं. कोणी रात्री फोन करायचा नाही, कोणी कळ दाबायची नाही. अशी पाच धरणं आहेत. १९१३ च्या मार्चमध्ये इथे प्रचंड पूर आला, या खोऱ्यात साडेतीनशेच्या वर माणसं गेली. लोकांनी वर्गणी काढली, १९१४ ला त्यासाठी राज्यात कायदा झाला, आणि १९२२ पर्यंत पाचही बांधून तयार. तेव्हापासून दोन हजारांहून जास्त वेळा त्यांनी पाणी अडवलंय.

आपल्या चर्चेला लागू पडेल ते पुढे आहे. नदी अनेक जिल्ह्यांतून जाते, म्हणून जिल्ह्यांच्या वर एक वेगळं मंडळ केलं, मायामी कॉन्झर्वन्सी डिस्ट्रिक्ट. ज्याच्या घराला धरणाचा फायदा, तो वर्षाला पट्टी भरतो, जेवढा फायदा तेवढी पट्टी. दुरुस्ती त्यातून. आता काँक्रीट शंभरीचं झालंय, पैसे जास्त लागणार, म्हणून पट्टीसाठी घरांचं नव्यानं मूल्यांकन काढलं तर खालच्या गावांत असा गदारोळ झाला की विचारू नका. "आमच्याकडे कधी पूर आलाच नाही, कशाला भरू?" धरण आहे म्हणून आला नाही, हे सांगायला गेलं की माणसं चिडतात. अगदी आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखं.

भीमेकाठचा:

पंढरपूर. तुमच्याकडं पूर आला की आमच्याकडं उजनी भरती, म्हणून आमची म्हातारी माणसं पुण्याच्या पावसाच्या बातम्या लग्नाच्या बोलणीसारख्या कान देऊन ऐकत्यात. तुमचं मैलापाणी पण त्यातच येतंय, ते राहू द्या आज.

आमचा पूर दोन धरणांचा आसतो. एक उजनी, एकशे सतरा टीएमसीचं. दुसरं नीरेवरचं वीर. नीरा नरसिंगपूरला येऊन भीमेला मिळती. उजनीतनं सोडलेलं आन् वीरमधनं सोडलेलं एका टायमाला तिथं गाठ पडलं, की चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिकाचं देऊळ, जुना दगडी पूल, सगळं पाण्याखाली. मागंपुढं पडलं तर निभावतं. ऑक्टोबर २०२० ला नाही निभावलं. धरणं भरल्याली, परतीचा पाऊस आला आन् जागाच नव्हती कुठं. आमच्याकडनं गेल्यालं पाणी खाली कलबुर्गीवाल्यांच्या घरात गेलं, सोन्नच्या बंधाऱ्यावरनं. त्यांनी आमच्या नावानं बोटं मोडली आसतील, जशी आमी तुमच्या नावानं मोडतो.

सांगलीकर:

आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या, पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर जगतो. ४० फूट इशारा, ४५ धोका, २०१९ ला ५७ च्या वर. दर पावसाळ्यात पुराचा दोष कुणाचा यावर एक गट म्हणतो खालचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण, दुसरा म्हणतो वरचं कोयना. २०१९ च्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं पूर येत नाही असं सांगितलं, सांगलीत ते कुणाला पटलेलं नाही, आणि तिकडं उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचं चाललंय. सहकार्य म्हणाल तर जून २०२१ ला आमच्या जलसंपदा मंत्र्यांनी बेंगळुरूला जाऊन त्यांच्या मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. पुढच्याच महिन्यात परत पूर. पण खरं सांगायचं तर तेव्हा माहिती आधी कळत होती, २०१९ सारखा अंधार नव्हता.

व्हीनॉच:

नातीला आणलं. आता उरलेलं.

खराखुरापुणेकर, खाणारे आहेत, मी बघितलेत. पण आमचा एक चौकीदार होता, जुलैच्या पावसात रोज रात्री दोनदा धरणाच्या माथ्यावरून चालत जायचा. टोकाला एका खुंटीला चिठ्ठी अडकवलेली असायची, ती परत आणायची, म्हणजे गेला होता याचा पुरावा. तेवीस वर्षं. त्याला यात धरू नका.

डेटनवासी, कोरडं धरण ही फार शहाणी गोष्ट, पण त्याला बुडायला मोकळी जमीन लागते. वरसगावच्या मोसे खोऱ्यात ती कोणाकडून घेणार? धरणांखाली गावं एकदा गेलीत, आता फार्महाऊसं आहेत. मात्र पट्टीचा मुद्दा घेण्यासारखा आहे. आपल्याकडे पाणीपट्टी मिळते ती पाणी दिल्याची. पाणी न आल्याची पट्टी कोणी देत नाही, म्हणून पूर अडवण्याला खात्यात धनीच नाही.

भीमेकाठचे पाहुणे म्हणाले तो "एका टायमाला" शब्द सगळ्यात महत्त्वाचा. पाणी धरणातून निघून खाली पोचायला लागणारा वेळ माहीत असतो. खडकवासल्याचं पाणी संगमापर्यंत, मुळशीचं आणि पवनेचं पाणी मुळेतून तिथेच, मग बंडगार्डन, दौंड, उजनी. पूर्वी हा हिशोब वायरलेसवर चालायचा. मी रात्री दोन वाजता वरच्या धरणाच्या जेईला उठवून "तू किती सोडलंस" विचारलेलं आहे. तो झोपेत आकडा सांगायचा आणि मी परत विचारून खात्री करायचो. आता कृष्णा-भीमा खोऱ्यात आपोआप आकडे पाठवणारी यंत्रं आहेत, पुण्यात सिंचन भवनात स्क्रीनवर दिसतात. तेव्हा "कोणी विचारतच नाही" हे खरं नाही, विचारतात. अडचण अशी की आकडा सगळ्यांना दिसतो, पण स्वतःची जागा सोडून दुसऱ्याचा पूर अडवायचा हुकूम एकालाही नाही. माझं धरण ९० टक्के भरलंय आणि खालचा म्हणतोय आणखी सहा तास थांब, तर मी थांबायचं का? काही झालं तर चौकशी माझी लागणार. म्हणून प्रत्येकजण आपापलं धरण वाचवतो, आणि पाणी संगमावर भेटतं.

दुरुस्तीचं कोण बघतं: आधी धरणाचा मालक, म्हणजे इथे जलसंपदा खातं. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा तपासणी होते. २०१९ ला चिपळूणजवळ तिवरे धरण फुटून वीसच्या वर माणसं गेली तेव्हा खेकड्यांवर ढकललं होतं, आठवतं ना? खेकडे, घुशी, झाडांची मुळं मातीच्या धरणाला खरोखर भोकं पाडतात, म्हणून तर वर्षाला झाडोरा काढायचा असतो. खेकडा दोषी असेल तर झाडोरा न काढणारा त्याचा साथीदार.

शिवाय २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पंधरा मीटरच्या वरच्या सगळ्या धरणांना तो लागू. धरण फुटलं किंवा प्रचंड विसर्ग करावा लागला तर कुठवर पाणी जाईल, कोणाला कसं कळवायचं, याचा आपत्कालीन कृती आराखडा मालकानं करायचाय. मुदत कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षं. ताई, तुमच्या सोसायटीनं "धरण रिकामं करा" म्हणण्यापेक्षा हा आराखडा मागा. त्यात तुमच्या गल्लीचं नाव आहे का, भोंगा कुठल्या खांबावर आहे आणि पहाटे चारला तो वाजवणारा माणूस कोण, एवढंच बघा.

नदीकाठची:

काका, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. गॅलरी आणि चुन्याच्या दाढ्या त्यांनी दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "त्या चौकीदाराला पुरात पोहता येत होतं का, विचार."

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावे. त्यात चारही धरणांचा मागायचा की फक्त खडकवासल्याचा?

व्हीनॉच:

चारही. वेगवेगळे अर्ज करा, एकत्र केला तर एका कार्यालयातून दुसऱ्याकडे फिरत बसेल. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "आराखड्याची माहिती द्यावी" असं लिहू नका, "प्रत द्यावी, पूरबाधित क्षेत्राच्या नकाशासह" असं लिहा.

पोहता येत नव्हतं त्याला. मलाही नाही.